अर्ध्या किलोची जागा

४ फेब्रुवारी

ती. ताई,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलायला सुचत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. दुकान कसं चाललंय विचारलंस. चांगलं चाललंय, आणि त्याचं श्रेय या नव्या आरोग्याच्या वेडाला. पूर्वी माझ्याकडे भाजीवाल्यांचे, किराणावाल्यांचे काटे दुरुस्तीला यायचे. आता लोक बाथरूममधले, पायाखालचे काटे काखोटीला मारून येतात. सगळ्यांची तक्रार एकच, काटा बिघडलाय, वजन जास्त दाखवतो. बत्तीस वर्षांत घरचा काटा वजन कमी दाखवतो म्हणून आलेला एक माणूस मला भेटलेला नाही. समोरच्या जिममध्ये जाणाऱ्या एक बाई दर सोमवारी येतात. मी पितळी वजनं ठेवून दाखवतो, काटा बरोबर आहे. मग त्या वजनांकडेच संशयाने बघतात.

त्यांच्या संगतीने मलाही वारं लागलं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, गार पाण्याने आंघोळ, रोज सहा हजार पावलं. आणि मुख्य म्हणजे सोळा तासांचा उपास. काय खायचं ते आठ तासांत, उरलेले सोळा तास पोटाला सुट्टी. जिमच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मला फार मानवलंय. स्वयंपाकाचा व्याप अर्ध्यावर आला. ही गेल्यापासून चौदा महिने मी उगाच गॅसशी झटापट करत होतो.

काळजी करू नकोस. वजन चौसष्ट किलो, जसंच्या तसं. निदान वजनाच्या बाबतीत तरी माझ्या शब्दावर विश्वास ठेव.

तुझा,
बारक्या

१३ फेब्रुवारी

चि. बारक्या,

अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालास आणि जिमच्या काचा वाचून जेवायच्या वेळा ठरवतोस? लहानपणी दोन माणसांचं खाऊन वर माझ्या ताटात हात घालायचास, तरी काडीच्या काडीच, म्हणून तर बारक्या नाव पडलं. तो तू पोटाला सुट्टी देतोस हे माझ्या काही गळी उतरत नाही.

इथेही तेच चाललंय म्हणा. तुझा भाचा धान्याला शिवत नाही. सूनबाई दिवसभर कसला तरी हिरवा रस पितात. नात अंड्यातला पांढरा भाग तेवढा खाते आणि पिवळा माझ्यासाठी वाटीत काढून ठेवते. फ्रिजवर तिघांचे तीन तक्ते लावलेत. शेजारच्या बायका रस पितात, महिनाभराने कपडे घेऊन माझ्याकडे येतात आणि हळूच सांगतात, कमरेत जरा सैल करून द्या. त्यामुळे माझ्या शिवणाच्या मशीनला विश्रांती नाही. मी मजेत आहे.

तुझ्या बायकोच्या हयातीत मला हे लिहायची वेळ आली नाही. साडेबाराला डबा घेऊन दुकानात यायची, काउंटरच्या पलीकडे स्टुलावर बसायची आणि तुझं पोट भरल्याशिवाय डबा मिटायची नाही. मी निर्धास्त होते. आता तूच तुझ्या काट्यावर उभा राहणार, तूच आकडा वाचणार आणि तूच मला कळवणार, हे मला मंजूर नाही. तुमच्या आरोग्य केंद्रात जा. तिथल्या नर्सच्या काट्यावर उभा राहा आणि तिच्या सहीची चिठ्ठी पाठव. मग कर काय ते उपास.

आशीर्वाद.
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताई,

चिठ्ठी सोबत जोडली आहे. चौसष्ट किलो दोनशे ग्रॅम, खाली सही. आता तरी पटलं? नर्स म्हणाली, कोट काढा. मी म्हटलं थंडी वाजते. तर तिने कोटाचा म्हणून एक किलो वजा करून आकडा लिहिला. पोरगी हुशार आहे. काटा मात्र त्यांचा जरा सुस्त आहे, एकदा जाऊन तेल-पाणी करून देईन म्हणतो.

उपासाला आता दीड महिना होत आला. जिमवाला परवा दुकानात येऊन माझी पाठ थोपटून गेला. म्हणाला, या वयात एवढी चिकाटी बघितली नाही. तो आता गिऱ्हाइकांना माझं उदाहरण देतो.

एका गोष्टीने मात्र चैन पडत नाही. उस्तादांनी धंद्याला लावताना दिलेली वजनांची पेटी तुला आठवते ना? लाकडात प्रत्येक वजनासाठी गोल खड्डा कोरलेला आहे. त्यातलं अर्ध्या किलोचं पितळी वजन हरवलं. दुकान पालथं घातलं, रस्ताभर मान खाली घालून शोधत गेलो आणि तसाच परत आलो. पेटी उघडली की तो रिकामा खड्डा दिसतो आणि पेटी मिटून टाकावीशी वाटते.

तुझा,
बारक्या

८ मार्च

चि. बारक्या,

चिठ्ठी मिळाली. दोनदा वाचली आणि मशीनच्या खणात ठेवली. देव पावला. मी तुझ्यावर उगाच संशय घेतला, राग मानू नकोस.

वजन रस्त्यावर शोधलंस म्हणतोस, ते काय पाय मोकळे करायला गेलं होतं? नीट बघ, कुठल्या तरी काट्याखालीच असेल.

काही शिवायचं, उसवायचं असलं तर पाठवून दे. माझा वेळ बरा जातो.

ताई

२२ मार्च

ती. ताई,

तू विचारलंसच म्हणून पार्सल पाठवतोय. एक कोट आहे, तूच शिवलेला, खोल खिशांचा. उजव्या खिशाला आतून भोक पडलंय. आणि दोन पँटी आहेत. त्या कमरेत घ्यायच्या आहेत, कुठवर ते खडूने दाखवलंय. रोजच्या चालण्याने पोट आत गेलंय, त्यामुळे वजन तेवढंच असलं तरी कंबर बारीक होते. जिमवाला सांगत होता, असं होतं म्हणून.

झालं काय, सोमवारच्या बाई समोर उभ्या होत्या, मी पाच किलोचं वजन उचलायला दोन्ही हात खाली घातले, आणि पँट निघाली खाली. काउंटर होता म्हणून अब्रू राहिली. बाई काट्याकडे बघत होत्या, त्यांना पत्ता लागला नाही.

इथे शिंपी आहे, नाही असं नाही. पण तो टेप गुंडाळतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून दहा प्रश्न विचारतो. तुझ्या हातचं ते तुझ्या हातचं.

तुझा,
बारक्या

१९ एप्रिल

बारक्या,

तुझं पार्सल येऊन तीन आठवडे झाले. तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. आज मात्र लिहून संपवणार आहे.

आधी कोट घेतला. ते खिसे मी दुहेरी कापडाचे शिवले होते, तुझे पाने-पक्कड राहावेत म्हणून. पक्कडीने ते फाटत नाहीत. एकाला भोक होतंच, पण बाकीच्या तिन्हींच्या शिवणीही खाली ओढल्या गेल्या होत्या. मी अस्तर चाचपलं तर तळाशी काही तरी कडक लागलं. उसवून काढलं. तुझं अर्ध्या किलोचं पितळी वजन. आधी मी हसले, सापडलं बाई एकदाचं म्हणून. सुनेला दाखवायला उठलेसुद्धा. मग दारात थांबले. कोटात वजन कशाला होतं, आणि तू रस्त्यावर का शोधत होतास, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

मग पँटी घेतल्या. तुझी कंबर चौतीस. खडूची खूण एकोणतीसवर. मी चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजतेय. पाच इंच लिंबूपाण्याने जात नाहीत, आणि चालण्यानेही जात नाहीत.

काट्याला तू फसवशील, तो तुझा धंदाच आहे. पण टेपला विसरलास. बहीण काय करते ते विसरलास. माझ्याच हातच्या खिशात वजनं भरून माझ्याच डोळ्यांत धूळ फेकलीस, आणि मी वेडी ती चिठ्ठी जपून ठेवून बसले होते. मला राग आलाय, आणि त्याहून जास्त भीती वाटते. दोन दिवसांचा प्रवास या गुडघ्यांनी होणार नाही, नाही तर हे पत्र आलं नसतं, मी आले असते.

खरं सांग. त्या काट्यावर तू किती वजनं घेऊन उभा होतास?

आणि हे ऐकून ठेव. तुझं वजन माझ्याकडे राहील. अर्धा किलो तू अंगावर चढव, मग अर्धा किलो मी परत पाठवते. आकडे मला नकोत, तुझ्या आकड्यांवरचा माझा विश्वास उडाला. सोबत पांढरी फीत पाठवतेय. कमरेभोवती गुंडाळ, जिथे टोकं जुळतील तिथे काप, तो तुकडा पाकिटात घाल. कागदावर खोटं लिहिता येतं, फीत खोटी कापायला तुझा हात धजणार नाही.

पँटी मी आवळलेल्या नाहीत. आवळणारही नाही.

ताई

२८ एप्रिल

ती. ताई,

पाच होती, दोन-दोन किलोची. आणि ते अर्ध्या किलोचं. एवढी लागतात हे मी आधी दुकानात हिशेब करून ठरवलं होतं, कोटाचं वजनसुद्धा धरून. तेव्हा खरं वजन त्रेपन्न किलो पाचशे होतं. आज एक्कावन्न किलो नऊशे आहे. खिशात काही नाही. फीत सोबत आहे. खरी कापली आहे.

उपासबिपास काही नाही, ताई. साडेबारा वाजतात, मी डबा उघडतो, समोर तिचं स्टूल असतं. त्यावर मी कोणाचा तरी दुरुस्तीला आलेला काटा ठेवतो, मुद्दाम, रिकामं दिसू नये म्हणून. पण घास तोंडात फिरत राहतो. रस्त्यावरून माणसं जातात आणि मला एकट्याने जेवताना बघतात, त्याची लाज वाटते. लाज कसली ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. म्हणून डबा मिटायचो. घरी टेबलापाशी बसलं तरी तेच.

मग त्या काचेवर सोळा तासांचं वाचलं आणि मला सुटल्यासारखं झालं. न जेवण्याला एक नाव मिळालं. जेवलात का विचारलं की सांगायचं, उपास चालू आहे. लोक कीव करायचे थांबले आणि कौतुक करायला लागले. सोळाचे वीस तास झाले, मग दिवसाआड झालं, आणि मी जसा वाळत गेलो तसं कौतुक वाढत गेलं. जिमवाल्याने पाठ थोपटली तेव्हा मी दुकान अर्ध्यावर बंद करून घरी गेलो. ही गेल्यावर माझ्या पाठीवर पडलेला तो पहिला हात होता. शिंप्याकडे जाणं टाळलं तेही त्याचमुळे. त्याने टेप गुंडाळला असता तर मी तिथेच रडलो असतो.

आता मी एक विचारतो. काल तुझी सगळी पत्रं काढून वाचली. भाचा काय खातो, सून काय पिते, नात काय बाजूला काढते, सगळं त्यात आहे. तू काय जेवतेस ते एकाही पत्रात नाही.

तुझा,
बारक्या

११ मे

चि. बारक्या,

तुझं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. या घरात रडायलाही तेवढीच खोली आहे.

विचारलंस तर सांगते. आमच्या घरी सहा माणसांचं टेबल आहे आणि त्यावर कोणी जेवत नाही. मुलगा सकाळी अकराला एकदाच खातो, उभ्याने, लॅपटॉपसमोर. सुनेचा रस बाटलीत, बाटली तिच्या गाडीत. नात खोलीत बसून खाते. वाईट कोणीच नाही, रे. सगळे आपापल्या तब्येतीला जपतात, आणि मलाही सांगतात, आई, तुम्हीही स्वतःकडे लक्ष द्या. पण चौघांच्या चार वेळा झाल्या आणि माझ्या वेळेला कोणी उरलं नाही. मी नातीने ठेवलेलं पिवळं खाते, भाकरीचा नाही तर पावाचा तुकडा खाते, ओट्यापाशी उभी राहून. ताट घेऊन बसले ते शेवटचं कधी, आठवावं लागेल. तुला लिहिलं नाही कारण तुझं दुःख मोठं होतं. भरल्या घरातली बाई एकटी आहे म्हणाली तर लोक हसतील.

तर आता असं करू. साडेबाराला तू तिथे बस, मी इथे बसते. लिंबू नको, गार पाणी नको, पावलं मोजायला नकोत, कुठलंही खूळ नको. एक ताट, गरम, बसून. भात आणि भाजी असली तरी पुष्कळ. रोज जमलं नाही तर जमलं नाही, दुसऱ्या दिवशी परत बसायचं. मी तर तुझं पत्र आल्यापासूनच तुझं वजन माझ्या ताटासमोर ठेवतेय. पहिल्या दिवशी सूनबाईंनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, माझा भाऊ.

माझ्याही कमरेची फीत पाठवतेय. तुला सोबत म्हणून.

ताई

२३ जून

ती. ताई,

सहा आठवड्यांत चाळीसएक दिवस बसायचं होतं, सव्वीस दिवस बसलो. बाकीचे दिवस नाही जमलं, लपवत नाही. आमच्या लग्नाच्या तारखेला तर डबा उघडलाच नाही.

स्टुलावरचा काटा काढला. आता ते रिकामं असतं आणि मी त्याच्याकडे बघून जेवतो. पहिले काही दिवस घशात आवंढा आणि घास एकदमच यायचे. आता आधी आवंढा येतो, मग घास जातो. साडेबाराला तू बसली असशील हे मनात आणतो. सोमवारच्या बाई नेमक्या त्या वेळेला आल्या. मी म्हटलं, थांबावं लागेल, मी जेवतोय. एवढं साधं वाक्य, पण दीड वर्षाने तोंडातून निघालं. त्या खरंच थांबल्या. मग म्हणाल्या, भाजीचा वास चांगला येतोय, आणि काटा न दाखवताच गेल्या.

जिमवाला नाराज आहे. त्याचं उदाहरण बिघडलं.

फीत सोबत. आखूड तरी झालेली नाही.

तुझा,
बारक्या

१६ ऑगस्ट

चि. बारक्या,

तुझी ऑगस्टची फीत आली. जूनच्या फितीशेजारी टेबलावर ठेवून मोजली. एक बोट जास्त भरली. परत मोजली, उलट्या बाजूने. तेवढीच भरली.

शब्दाप्रमाणे वजन परत पाठवतेय, कापसात गुंडाळून. लिंबाने घासून लखलखीत केलंय, ते लिंबू तरी कारणी लागलं. आता पेटी मिटून टाकू नकोस.

मी रोज बसते. इथे सगळं ठीक. नातीची परीक्षा, सुनेचा आता दुसरा कुठला तरी रस, आणि मुलाला मोठं पद मिळालंय, त्यामुळे तो दिसतच नाही. माझी फीतही घातली आहे, तुझ्याबरोबर मीही कापायची असं ठरलंय म्हणून.

साडेबाराला टेबलावर वजन नसेल, पण बसेनच.

ताई

२७ ऑगस्ट

ती. ताई,

पार्सल मिळालं. वजन पेटीतल्या खड्ड्यात ठेवलं, बसलं अगदी बरोबर, आणि मला फार बरं वाटलं. दहा मिनिटं बघत बसलो.

मग तुझी फीत मोजली. तुला वाटलं असेल, हा काट्यांचा माणूस, फीत बघून पाकिटात परत ठेवेल. मी तुझी मे महिन्यातली फीत जपून ठेवलेली होती. दोन्ही काउंटरवर शेजारी लावल्या आणि टोकांवर दोन-दोन किलोची वजनं ठेवली, हलू नयेत म्हणून. तुझी फीत दोन बोटं कमी झाली आहे. माझी एक वाढली आणि तुझी दोन गेली. रोज बसतेस असं लिहिलंयस. बसत असशील, ताट समोर घेऊन. जेवत नाहीस. मला ते कसं असतं माहीत आहे.

मी रागावलेलो नाही, मला तेवढा अधिकार नाही. फक्त तू मला जे केलंस तेच करतोय. वजन याच पार्सलमधून परत येतंय. ताटासमोर ठेव. तुझी फीत वाढली की पाठव, घाई नाही, दोन वर्षं लागली तरी लागू देत.

दुकानाची काळजी करू नकोस. दोनशेची दोन आणि शंभराचं एक मिळून अर्धा किलो होतो, माझं काम भागतं. पेटीतली जागा रिकामी आहे आणि पेटी उघडी आहे.

आता सव्वाबारा झालेत. पोस्टात हे टाकून मी येतो आणि बसतो. तूही बस.

तुझा,
बारक्या